आठ महिन्यांत चूल पेटवा

बसस्टँडवरच्या पुस्तकांच्या गाड्यावर 'तीस दिवसांत इंग्रजी' मिळतं, 'घरबसल्या हार्मोनियम' मिळतं, चुलीचं पुस्तक मात्र मिळत नाही. ज्यांना चूल पेटवता येते त्यांना कुणी लिहायला बसवलं नाही, आणि जे लिहायला बसले त्यांची चूल कुणीतरी आधीच पेटवून ठेवलेली होती. मी दुसऱ्या गटातला.

तीस वर्षं बीड जिल्ह्यातल्या शाळांत विज्ञान शिकवलं. इंधन, प्राणवायू आणि उष्णता असा ज्वलनाचा त्रिकोण फळ्यावर काढायचो, पोरं तो वहीत उतरवून घ्यायची. त्या त्रिकोणातून कधी धूर आला नाही. निवृत्त होऊन केज तालुक्यातल्या आमच्या गावी राहायला आलो आणि एका दिवाळीच्या तोंडावर गॅसची टाकी संपली. बायको लेकीच्या बाळंतपणासाठी पुण्याला गेलेली. घरात मी आणि ऐंशीला टेकलेली आई. टाकी 'उद्या येती' असं सांगणाऱ्याचा उद्या काही उजाडेना. मागच्या अंगणात अंघोळीचं पाणी तापवायची जुनी चूल होती. म्हटलं, त्यात काय एवढं.

पहिल्या सकाळी अख्खी काडेपेटी संपली, डोळे लालबुंद झाले आणि चहा शेजारी जाऊन प्यालो. आई ओट्यावर बसून सगळं बघत होती. शेवटी एवढंच म्हणाली, "मास्तर, जाळ काडीनं लागत नसतो. जळणानं लागतो." ती मला मास्तर म्हणते तेव्हा समजायचं की आपलं काही खरं नाही.

पुढची शिकवणी तिची आहे. सोदाहरण चुका माझ्या.

पहिली पायरी: काडेपेटी खिशात असेल तर ती फळीवर परत ठेवा. नवशिका काडीपासून सुरुवात करतो आणि काडीपाशीच संपतो. शिवाय चौदा वर्षं एक रुपयाला मिळणारी पेटी १ डिसेंबर २०२१ पासून दोन रुपयांची झाली आहे, म्हणजे तुमचं अपयश एका रात्रीत दुप्पट महाग झालं. काडी लागेल, पण दिवाळीत. सध्या फेब्रुवारी आहे असं धरून चला. उद्या सकाळच्या चहासाठी हे वाचायला घेतलं असेल तर शेजारी जा.

दुसरी पायरी रानातली. कापसाची शेवटची वेचणी झाली की मागे पऱ्हाटी उरते. ती उपटायची, म्हणजे वाकून, दोन्ही हातांनी, मुळासकट. हल्ली त्यासाठी लोखंडी चिमटाही मिळतो, त्यानं कमरेचं दुखणं खांद्यात जातं. उपटलेली पऱ्हाटी उन्हात पडू द्या. दोन बोटांनी मोडून बघा. 'कट्' वाजली तर तयार, नुसती वाकली तर अजून कच्ची. पऱ्हाटी चटकन पेटते, कडक जाळ देते, तवा बघता बघता तापवते आणि तितक्याच चटकन संपते. ज्वारीच्या दहा भाकरी थापायच्या असतील तर कवळाभर पऱ्हाटी शेजारी हवी आणि ती आत सारायला तिसरा हात हवा. आईला तो होता असा माझा लहानपणी समज होता.

इथं एक अडचण आहे. पऱ्हाटी मिळेलच असं नाही. २०१७ साली गुलाबी बोंडअळीनं मराठवाड्यातला कापूस पोखरला, तेव्हापासून कृषी खातं घसा फोडून सांगतं की हंगाम संपला की पऱ्हाटी रानात ठेवू नका, बांधावर रचू नका, अळीचे कोष तिच्यातच राहतात आणि पुढच्या साली पुन्हा वर येतात. खात्याचं बरोबर आहे. त्यात ट्रॅक्टरला जोडायचं यंत्र आलं. उभ्या पऱ्हाटीचा ते जागेवर भुगा करतं आणि मातीत मिसळून टाकतं. जमिनीला चांगलं, चुलीला उपासमार. आईचा हिशोब सरळ आहे: अळीनं आधी कापूस खाल्ला, मग जळण खाल्लं.

तुरीच्या तुराट्या जमवा. सरळ, हलक्या, रचायला सोप्या. काहींच्या घराच्या भिंतीच त्यांच्या असतात, तेव्हा कुणाच्या भिंतीतून उपटू नका. ज्वारी काढल्यावर राहिलेली धसकटं वेचा. धसकट वाळलेलं असलं तरी त्याच्या मुळांना पावशेर माती असते. ती झटकली नाही तर तुम्ही चुलीत शेत भरता आहात. धसकटं वेचायला पायात चांगली वहाण घाला. ती चपलेतून वर बघत असतात.

आणि मग वेडी बाभूळ. ही मूळची अमेरिका खंडातली, मेक्सिकोपासून खाली पसरलेली. आमच्याकडे तिला कुणी पाणी घातलं नाही, खत टाकलं नाही, अनुदान दिलं नाही, म्हणून टिकली. ओढ्याच्या काठानं, गायरानात, बंद पडलेल्या सरकारी इमारतींच्या आवारात ती भरघोस येते. तिचा काटा मोटारसायकलच्या टायरला ऐकत नाही, तिथं तुमच्या स्लिपरचं काय. पण वाळलेलं लाकूड एक नंबरचं. जड, सावकाश जळणारं, निखारा धरून ठेवणारं. साधी बाभूळही तशीच, फक्त तिला मालक असतो. कडुलिंबाचा धूर डोळ्यांना झोंबतो पण डासांनाही झोंबतो. वड, पिंपळ, उंबर चुलीत घालायचे नाहीत. का, असं मी विचारलं होतं. आई म्हणाली, "नसतात घालत." विज्ञानाच्या तासाला मीही पोरांना याहून फार वेगळी उत्तरं दिली नव्हती.

गवऱ्या हा स्वतंत्र विषय आहे. शेणात भुसकट मिसळून, भिंतीवर किंवा जमिनीवर थापून, पाच बोटांच्या सहीसकट. एका बाजूनं वाळल्या की उलटायच्या, मग उभ्या करायच्या, मग रचून त्यांचा हुडवा करायचा आणि वरून पुन्हा शेणानंच लिंपायचा, म्हणजे पाऊस आत शिरत नाही. गुरांनी रानात टाकलेलं शेण आपोआप वाळतं त्या रानगवऱ्या. त्या हलक्या असतात आणि त्यांचा विस्तव मऊ असतो, म्हणून हुरड्याच्या आगटीला रानगवऱ्याच लागतात. लाकडावर हुरडा भाजणारा माणूस कणसं जाळतो आणि शहरातल्या पाहुण्यांना 'स्मोकी' म्हणून खाऊ घालतो. पण आता बैल कमी, ट्रॅक्टर जास्त, आणि ट्रॅक्टर शेण टाकत नाही. ज्यांचे बैल आहेत त्यांच्यातल्या कितीकांचे बैल हंगामात उसाच्या गाडीला जुंपलेले असतात, म्हणजे शेणही कारखान्याकडे जातं.

तिसरी पायरी राखणीची. होळीच्या आधीचा आठवडा फार वाईट. गावातली पोरं रात्री गवऱ्या आणि लाकडं पळवतात आणि ती चोरी धरली जात नाही. शिव्या द्यायची सोय आहे, पोलिसांत जायची नाही. मीही पळवल्या होत्या. पन्नास वर्षांनी स्वतःच्या हुडव्यावर कंदील घेऊन बसलो तेव्हा हे आठवून बरं वाटलं नाही.

जून उजाडायच्या आत सगळं जळण आडोशाला गेलं पाहिजे. जमिनीवर ठेवू नका. दोन दगडांवर आडवी लाकडं टाकून त्यावर रचा, खालून वाळवी आणि ओल येते. सगळ्यात बारीक जळण घरात, चुलीजवळ, मधल्या आडोशाला पऱ्हाटी, बाहेर पत्र्याखाली जाड लाकडं. पावसाळ्यात चूल पेटत नाही ती पावसामुळे नाही. मे महिन्यात तुम्ही लग्नं खात फिरलात म्हणून.

यामागचं विज्ञान मला येत होतं, एवढंच की ते माझ्या हातात आलेलं नव्हतं. ताज्या तोडलेल्या लाकडाच्या वजनात जवळजवळ निम्मं पाणी असू शकतं. असं लाकूड चुलीत घातलं की जाळाची सगळी कमाई त्या पाण्याची वाफ करण्यात जाते. लाकूड तापलं की त्यातून वायू निघतात; खरं तर जळतात ते वायू. पुरेशी धग आणि हवा मिळाली की त्यांची ज्योत होते, नाही मिळाली की तेच वायू न जळता बाहेर पडतात आणि तुमच्या डोळ्यांत जातात. म्हणजे धूर हे वाया गेलेलं जळण. आईच्या भाषेत, "वल्लं लाकूड जळत नसतं, शिजतं."

चूल तुम्हाला आयती मिळाली असेल तर चौथी पायरी सोडा. नसेल तर चिकणमाती, भुसकट आणि शेण तुडवून चूल घाला. आठवडी बाजारात पत्र्याची मिळते, ती उचलून नेता येते, पण वारा लागला की तिची धग चारी दिशांना जाते. मातीच्या चुलीच्या काठावर तीन उंचवटे असतात. मला ते शोभेचे वाटायचे, म्हणून एकदा डागडुजी करताना मी दोन सपाट केले. भांडं काठावर घट्ट बसलं, जाळाला बाहेर निघायला वाट राहिली नाही, आणि तो सगळा चुलीच्या तोंडातून माझ्याकडे आला. त्या उंचवट्यांनी भांडं बोटभर उचललेलं असतं, त्या फटीतून जाळ वर ओढला जातो आणि खालून नवी हवा येते. धुराडं नसलेल्या चुलीचं तेच धुराडं. बाजूच्या वैलाला मुख्य चुलीचीच उरलेली धग जाते. त्याच्यावर डाळ ठेवायची, ती आपोआप शिजते आणि श्रेय कुणी घेत नाही.

जुन्या माळवदाच्या घरात छताला भोक असायचं, उजेड आत आणि धूर बाहेर जायला. पाऊस आला की त्यावर पराती पालथ्या घालायला वर पळायचं काम आमचं. आता स्लॅब आले. स्लॅबला भोक ठेवलेलं नसतं, म्हणून चूल अंगणात गेली.

आता ऑक्टोबर आला आहे असं समजा. कालची राख काढा, पण सगळी नको. खाली बोटभर राखेची गादी राहू द्या, विस्तव तिच्यावर टिकतो. मागे एक जाड लाकूड आडवं, त्याला टेकून दोन मध्यम, पुढे तुराट्या, त्यांच्या पोटात पऱ्हाटीचे बारीक तुकडे. मध्ये पोकळी ठेवा. मी पहिल्या दिवशी चूल दप्तरासारखी भरली होती. त्रिकोणातली प्राणवायूची बाजू मीच कोंडली होती.

पोकळीत काय घालायचं यावर गावात मतभेद आहेत. ज्वारीच्या कणसाचा भुसा चांगला. वाळलेली बाभळीची साल चांगली. उसाचं पाचट भडकतं आणि 'कोण आलं होतं?' असं विचारेपर्यंत निघून जातं. जुन्या वह्यांचा कागद ठीक, त्यातही गणिताच्या वह्या बऱ्या, कारण पुष्कळ पानं कोरी असतात. लग्नपत्रिका अजिबात नकोत. हल्लीचा चकचकीत कागद पेटत नाही, काळा पडून गुंडाळतो आणि 'आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं' एवढं शेवटपर्यंत वाचता येतं. सायकलची ट्यूब, चपलेचा तुकडा, कॅरीबॅग हे पावसाळ्यातले हुकमी उपाय बरेच जण करतात. पेटतात खरे. पण तो धूर साध्या धुरापेक्षा वाईट, आणि त्यावर भाजलेली भाकरी कुत्र्यालाही टाकू नका. रॉकेलचा विचारच सोडा. पूर्वी रेशनवर मिळायचं तेव्हा आमच्या आळीतल्या एका नवरदेवानं जळत्या चुलीत डब्यातून धार धरली होती. भुवया पुढच्या दिवाळीपर्यंत आल्या.

आता काडी. पावसाळी हवेनं ती मऊ पडली असेल तर डोक्याच्या कोरड्या केसांत दोनदा घासा आणि मग ओढा. ज्यांना केस नाहीत त्यांनी शेजाऱ्याचं डोकं वापरावं. पेटलेली काडी वरून टाकू नका. खालून, पोकळीच्या तळाशी लावा आणि हात स्थिर ठेवा. जाळ वर जातो, खाली बघत नाही. काडी बोटापर्यंत आली तरी सोडायची घाई नको. इथपर्यंत सगळं जमलं तर एक बारीक आवाज येतो, वाळलेलं काहीतरी कुजबुजल्यासारखा. तो आला की गप्प बसा. नवशिक्याला याच वेळी काहीतरी सुधारावंसं वाटतं.

फुंकणीबद्दल जरा सविस्तर सांगावं लागेल, कारण माझी सगळ्यात जास्त बेअब्रू तिनं केली. मी जाळावर फुंकर घातली, जाळ विझला. जोरात घातली, राख तोंडावर आली. मग श्वास घ्यायला थांबलो तो फुंकणी तोंडातच ठेवून, आणि अर्धी चूल छातीत गेली. आईनं फुंकणी काढून घेतली. "फुंकर विस्तवाला घालायची, जाळाला नाही. आन् लांब घालायची, पाळण्यातल्या लेकराला झोपवल्यासारखी." फुंकणीचं टोक निखाऱ्याच्या मुळाकडे, वीतभर अंतरावर. दम घेताना तोंड बाजूला. एक लांब फुंकर, थांबायचं, लालीकडे बघायचं, मग दुसरी. निखारा लाल होतो, पिवळसर होतो आणि त्याच्यावरून ज्योत उडी मारते. ऐंशी वर्षांच्या बाईनं तीन फुंकरांत जे केलं ते मला तेवीस फुंकरांत जमलं. मी मोजल्या, सवय आहे.

काडीशिवायच्या पद्धतीही सांगून ठेवतो. चकमक ही एक. आमच्या आजोबांच्या बटव्यात गारगोटी, पोलादाचा तुकडा आणि कापसाचा बोळा असायचा. ठिणगी कापसावर झेलायची आणि चिलीम पेटवायची. आमच्या रानात गारगोट्या ढिगानं सापडतात, त्यावरून सोपं वाटेल. तासाभरात फक्त माझं नख गेलं. दुसरी पद्धत पैठण तालुक्यातल्या आपेगावच्या भावंडांची. विसोबानं खापर मिळू दिलं नाही म्हणून ज्ञानेश्वरांनी योगानं पाठ तापवली आणि मुक्ताबाईनं तिच्यावर मांडे भाजले, अशी कथा आहे. जळण शून्य, धूर शून्य. नवशिक्यांसाठी नाही.

तिसरी पद्धत सगळ्यात जुनी आणि सगळ्यात सोपी होती: इस्तू मागायचा. पहाटे उठून बघायचं, कुणाच्या घरावर धूर दिसतोय, आणि गवरीचा तुकडा घेऊन लेकराला पळवायचं. ते तुकड्यावर निखारा घेऊन, फुंकत फुंकत, अनवाणी परत यायचं. काडेपेटी वाचायची आणि कुणाच्या घरी रात्री काय झालं हेही समजायचं. इस्तू सगळ्याच घरून घेतला जात नव्हता, आणि सगळ्यांना दिला जात होता तोही सारख्याच हातानं नाही. हे आईनंच सांगितलं, आणि मग बराच वेळ तुराट्या मोडत बसली.

दिवाळी सरली की आमच्याकडे घरोघरीच्या चुली बंद व्हायला लागतात. दाराला कुलूप, नाहीतर आत नुसते म्हातारी-म्हातारा, आणि कोयते कारखान्यांकडे. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती ऊस तोडून फेडायची. सांगली, कोल्हापूर, सोलापूर, पार बेळगावकडे. तिथं फडाजवळ कोपी घालतात आणि कोपीबाहेर तीन दगड मांडतात. बाई पहाटे तीन-चारला उठते. दगड दवानं ओले, जळण जे हाताला लागेल ते, वारा उघडा. कोपी पाचटाची आणि वाढ्यांची, ठिणगी उडाली तर सगळं गेलं. तिला फुंकणी नाही, ओट्यावर बसून सांगणारी आई नाही. दिवस उजाडायच्या आत दिवसभराच्या भाकरी बांधून तिला फडात उभं राहायचं असतं.

माझ्या वर्गात अशा पुष्कळ पोरी होत्या. सहामाहीला असायच्या, मग एकदम उन्हाळ्यातच दिसायच्या. त्यातली एक ज्वलनाचा त्रिकोण कायम चुकवायची, दोनच बाजू लिहायची. मी तिला लाल शाईनं 'अपूर्ण' असा शेरा दिला होता. काही वर्षांपूर्वी ती रस्त्यात भेटली, कडेवर लेकरू, हंगामाला निघालेली. "सर, वळखलं का," म्हणाली. मी ओळखलं. शेरा तिला आठवत नव्हता, मला आठवत होता.

आता मोठ्या चुलीकडे. जिल्ह्यातली सगळ्यात मोठी चूल परळीला आहे, औष्णिक वीज केंद्राची, रेल्वेनं कोळसा आणून घालायची. तिला लागणारी फुंकणी, चिमटा, सगळं सरकारी. तीही जुलै २०१५ मध्ये पूर्ण विझली. कोळसा होता, काडी होती. धरणात पाणी नव्हतं. वाफ करायला आणि थंड करायला पाणीच नाही म्हणून संच बंद ठेवावे लागले. पाणी ओतून विझवलेल्या चुली मी खूप पाहिल्या, पाण्यावाचून विझलेली ही एकच. नवशिक्यांनी यातून निदान एवढा धीर घ्यावा की इंजिनिअरांचीही पेटत नाही.

चुलीचा धूर कमी करायचे प्रयत्न कमी झाले असं नाही. बीड हैदराबाद राज्यात होतं त्या काळात, पन्नासच्या दशकात, हैदराबादच्या अभियांत्रिकी संशोधन प्रयोगशाळेत एस. पी. राजू यांनी धुराडं असलेली निर्धूर चूल तयार केली. पुढे १९८३ साली केंद्र सरकारनं सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम काढला, तो २००२ साली संपला. आमच्या गावातही काही बसवल्या होत्या. त्यांच्या धुराड्यात काजळी साचली, ती कुणी काढायची हे ठरलं नाही, आणि भांडी चुलीच्या भोकापेक्षा मोठी निघाली. ज्यांनी स्वयंपाक करायचा होता त्यांना कुणी भांड्याचं माप विचारलेलं नव्हतं. मग १ मे २०१६ रोजी बलियाला उज्ज्वला योजना सुरू झाली आणि टाकी घरोघरी आली. बऱ्याच घरांत ती विणलेल्या झाकणाखाली, पाहुण्यासारखी बसलेली असते. चहा तिच्यावर, भाकरी चुलीवर, कारण दुसरी टाकी भरायला रोख पैसे लागतात आणि वेड्या बाभळीला फक्त कोयता लागतो.

घरातल्या धुरानं २०२० साली जगात बत्तीस लाख माणसं गेली असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. आईची पहाटेची खोकल्याची उबळ त्या आकड्यात कुठे बसते हे मी तिला सांगितलेलं नाही. तिकडे धुळे-सोलापूर महामार्गावर दर दोन मैलांवर 'चुलीवरचं मटण' अशी पाटी दिसते. आत टाइल्स लावलेली चूल, तिला एलईडीचा उजेड, आणि बिलात धुराचे पैसे. पुण्यामुंबईची मंडळी फोटो काढतात. मीही एकदा जेवलो. मटण चांगलं होतं. चुलीपुढे बसलेल्या बाईचे डोळे मात्र फोटोत येत नव्हते, ती सारखी पदरानं पुसत होती.

शेवटची पायरी विझवण्याची, आणि ती म्हणजे न विझवण्याची. रात्रीचा स्वयंपाक झाला की जळकी लाकडं बाहेर ओढून त्यांची टोकं राखेत दाबा. चुलीतलं लाकूड चुलीबाहेर धुमसत राहिलं तर घर जातं. उरलेल्या आरावर वांगं, कांदा, दोन मिरच्या टाका, ते फुकटचं आहे. मग सगळ्यात चांगला निखारा बघा, त्याला गवरीचा जाडसर तुकडा लावा आणि दोन्ही राखेत पुरा. पूर्ण झाका, पण थापू नका. राखेतून त्याला जेमतेम हवा मिळते, गवरी रात्रभर मुंगीच्या पावलानं जळत जाते. पहाटे वरची राख सारली की आत लाल ठिपका असतो. त्याच्यावर पऱ्हाटीच्या चार काड्या आणि एक लांब फुंकर.

पहिल्या तीन रात्री माझा ठिपका विझला. चौथ्या रात्री मी गवरी पुरल्यावर आई उठून आली, राखेवरून हात फिरवला, एका जागी थोडी काढली आणि झोपायला गेली. पाचव्या पहाटे मी राख सारली. होता. हरभऱ्याएवढा. तुराटीचा चुरा टाकला, फुंकर घातली, तोंड बाजूला केलं, पुन्हा घातली. जाळ लागला. काडेपेटी फळीवरच होती.

चहाला आधण आलं आणि दारात टाकीवाला उभा. सहा दिवसांनी त्याचा उद्या उजाडला होता. टाकी खांद्यावरून उतरवून त्यानं पावती पुढे केली. आई म्हणाली, "ठिव तिकडं भिंतीला. चा घिऊन जा." तो चुलीपुढे उकिडवा बसला, टाक्यांची गाडी कुठे अडकली होती ते सांगायला लागला. बोलता बोलता, चुलीकडे न बघताच, त्यानं बाहेर आलेलं एक लाकूड आत सारलं.